साबणातली प्रथिनं

कुणावरच विश्वास न ठेवणारी आणि तरीही सगळ्यांची लाडकी अशी एकच व्यक्ती मी आजवर पाहिली: आमच्या प्रयोगशाळेतल्या ताई. औरंगाबादला मी पीएच.डी. करत होते तेव्हा त्या आमच्या विभागात तांत्रिक सहायक होत्या. रोज फुलंब्रीहून बसनं येत. कुठलीही गोष्ट तीनदा मोजल्याशिवाय खरी नाही, हे त्यांचं तत्त्व प्रयोगशाळेपुरतं नव्हतं. भाजीवाल्याला त्या पाव किलो गवार तीनदा तोलायला लावत. तिसऱ्यांदा तो वैतागून चार शेंगा जास्तीच्या टाकायचा, तर त्या उचलून परत ठेवत. "फुकटच्या शेंगा नको. नेमका काटा पायजे." आमच्यातल्या एका मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी नवऱ्या मुलाचं वय त्याला, त्याच्या आईला आणि त्याच्या मामाला, असं तिघांना वेगवेगळं गाठून विचारलं. तीन वेगळी उत्तरं आली. जेवताना माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "सरासरी एकतीस धर."

माझं काम करडईच्या बियांतल्या प्रथिनांवर होतं. बिया वाटून काढलेल्या अर्कात एक तपकिरी रंगद्रव्य घालायचं. प्रथिन असेल तसं ते निळं होतं. जितकं निळं, तितकं प्रथिन, आणि त्याचा आकडा यंत्र देतं. ताई मात्र ती नळी आधी खिडकीपाशी धरून नुसत्या डोळ्यांनी आकडा सांगत. यंत्राचा आकडा जुळला नाही, तर पाढा चुकलेल्या पोराकडं बघावं तशा यंत्राकडं बघत. "पेंगतंय मेलं. पुन्हा लाव."

तिसऱ्या वर्षी माझ्या बियांत अपेक्षेच्या दुप्पट प्रथिन निघालं. माझे मार्गदर्शक सर हरखले, शोधनिबंध पाठवायचं ठरलं, मी घरी फोन केला, पेढे आणले. ताईंनी पेढा हातात घेतला, पण तोंडात टाकला नाही.

"ब्लँक कशाचा लावलास?"

ब्लँक म्हणजे प्रथिन नसलेली, तुलनेसाठीची नळी. "पाण्याचा," मी म्हणाले.

"अन् बिया कशात वाटल्या?"

"द्रावणात. त्यात थोडं डिटर्जंट आहे, पेशी फुटायला."

"मंग त्येच द्रावण घाल की. बी न टाकता."

"ताई, तुमचा माझ्यावर विश्वासच नाही!"

"नाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "माझा माझ्यावर बी नाय."

त्यांनी नुसतं द्रावण घेतलं, एकही बी न पाहिलेलं. त्यात रंगद्रव्याचे थेंब सोडले, आणि ते निर्लज्जासारखं निळं झालं. "बघ," ताई म्हणाल्या, "साबणात लई प्रथिनं निघाली." मग त्यांनी पेढा खाल्ला. "हलवायाची काय चूक?"

मी स्टोअररूममध्ये जाऊन पोटभर रडले. थोड्या वेळानं ताई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि शेजारच्या खोक्यावर बसल्या. "सरांना तू सांगतीस का मी सांगू?" मीच सांगितलं.  सरांनी पाकिटातून निबंध परत काढला. पुढचे दोन महिने ताईंनी माझ्यासोबत प्रत्येक नमुना नव्यानं केला, डिटर्जंट काढून टाकून, तीन-तीनदा. आकडे निम्म्यावर आले. मिरवण्यासारखे नव्हते, पण खरे होते, आणि त्यांच्यावरच माझा प्रबंध उभा राहिला.

तोंडी परीक्षा संपवून मी बाहेर आले तेव्हा ताई सिंकपाशी नळ्या विसळत होत्या. आनंदाच्या भरात मी विचारलं, "ताई, तुम्ही का नाही केली पीएच.डी.?"

"सुरू केली व्हती की. दोन वर्षं झाली व्हती." त्यांनी नळ बंद केला. "उन्हाळ्यात वीज गेली, फ्रिज तीन दिवस बंद. समदे नमुने नासले. पुन्हा गोळा करावे म्हणलं, तर पोरगी झाली. मंग ऱ्हायलंच."

मी एक विसळलेली नळी उचलून स्टँडमध्ये ठेवली.

"आकडे लई चांगले येत व्हते गं," त्या म्हणाल्या, आणि पदराला हात पुसत कितीतरी वेळ तशाच उभ्या राहिल्या.