सापारबायच्या रेडिओतली शिट्टी

काराकोलच्या आमच्या गल्लीत सापारबायइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. घरचं दूध नासलं तरी तो आधी शेजारच्या गाईकडे डोळे बारीक करून बघायचा. तारखात्यातून निवृत्त झाल्यावर संशयाला भरपूर वेळ मिळाला, आणि जोडीला हातानं जुळवलेला, ऐकता-बोलता येणारा रेडिओ होताच.

दर रविवारी दुपारी त्या रेडिओवर पामिरच्या डोंगरातून शोदमोन बोलायचा. सैन्यात दोघांनी एका तंबूत दिवस काढलेले. शोदमोनच्या गावात फोन लागत नाही, तेव्हा दोघांमध्ये होता तो हा एकच धागा. यंदा शोदमोनच्या हृदयाची शस्त्रक्रिया व्हायची होती. "घरी परतलो की रविवारी हाक मारीन," असं सांगून तो इस्पितळात गेला, आणि नेमकी त्याच्या जागी रेडिओत एक शिट्टी येऊन बसली. बारीक, अखंड, निर्लज्ज. तिच्याखाली शोदमोन बोलतोय की बोलायला उरलाच नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

सापारबायला चोर मात्र लगेच सापडला. शेजारच्या काच्किननं त्याच सुमारास अंडी उबवायची विजेची पेटी आणली होती.

"ती पेटीच शिट्टी मारतेय," तो बायकोला म्हणाला.

"आणि तुम्ही त्याच आठवड्यात आकड्यांचा डबा बसवलात, तो काय करतोय?" बुरुल म्हणाली.

तिनं नातवावरच चोरीचा आळ घेतला असावा, तसं त्यानं तिच्याकडे पाहिलं. जुन्या काट्यावर आणि पेन्सिलीच्या खुणांवर त्यानं, रेडिओ नेमका कुठे लागलाय ते दाखवणारी, हिरव्या आकड्यांची एक पाटी चढवली होती. ती स्वतः घडवलेली. गल्लीत प्रत्येकाला दाखवून झाली होती, काहींना दोनदा.

दुसऱ्या दिवशी सापारबाय काच्किनच्या दारावरून जात असताना काच्किनच्या बायकोनं, जिपारनं, तंदुरातला गरम नान पुढे केला. "आके, तोंडाला तरी लावा," थोरल्या माणसाला हाक मारतात तशी ती म्हणाली. आमच्याकडे समोर आलेला नान चाखल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. भांडायचं असलं तरी आधी तुकडा मोडतात, मग भांडतात. "पोट भरलंय," म्हणून सापारबाय पुढे गेला. जिपारचा हात तसाच राहिला. तेव्हापासून त्या घरानं याच्याकडे बघणं सोडलं.

रविवारी दुपारी अख्ख्या गल्लीची वीज गेली. सापारबायनं हात चोळले, मोटारीतली बॅटरी काढून रेडिओला जोडली, आणि कान लावला. शिट्टी होती तिथेच होती.

"लबाड. पेटी बॅटरीवर चालवतोय," असं पुटपुटत तो स्टुलावर चढून भिंतीपलीकडे डोकावला.

पलीकडे काच्किन मेंढीच्या कातड्याच्या कोटात अंडी गुंडाळून चुलीकडे पळत होता. वर बघून तो थांबला. "आके, पेटी गार पडली. पिल्लं कवचातच मरतील. तुमच्याकडे बॅटरी असेल का?"

"बघतो," म्हणून सापारबाय खाली उतरला. पेटी गार, मग शिट्टी कोणाची? तो पुन्हा रेडिओसमोर येऊन बसला.

नवशिक्यांना तो पहिला धडा हाच द्यायचा: आधी एरियल काढा. तरी आवाज राहिला, तर चोर घरचाच. स्वतःवर हा धडा वापरायची वेळ येईल, असं त्याला कधी वाटलं नव्हतं. त्यानं एरियल उपसली. बाहेरची खरखर गेली आणि शिट्टी एकटी, ऐटीत, वाजत राहिली.

मग त्यानं डोळे मिटून हिरव्या पाटीची वायर ओढली.

शांतता.

पाटी उतरवून, एरियल परत लावून, त्यानं काटा पेन्सिलीच्या खुणेवर नेला.

"सापार, अरे आहेस का कुठे?"

"छाती तुझी फाडली आणि मला विचारतोस?" सापारबाय माइक तोंडाशी धरून ओरडला.

"केव्हापासून घसा कोरडा करतोय. म्हटलं, रुसलास. बरं, आकडा काय दाखवतोय तुझा तो डबा?"

"आकडा ठाऊक नाही. खुणेवर आहोत. शोदमोन, आज एवढंच. बॅटरी शेजारी द्यायचीय."

बॅटरी छातीशी धरून तो काच्किनच्या दारात उभा राहिला. जिपार नान घेऊन आली, पण पुढे करेना.

"हात गुंतलेत, पोरी," तो म्हणाला. "तूच भरव."

"पोट भरलं होतं ना, आके?" काच्किन म्हणाला.

"आता रिकामं आहे."

जिपारनं मोठा घास मोडून त्याच्या तोंडात कोंबला. तो चावता चावता सापारबायची नजर कोटातल्या अंड्यांवर गेली, आणि डोळे हळूहळू बारीक झाले.

"काच्किन, ही अंडी सगळी तुझ्याच कोंबड्यांची ना?"