नंदाबाईंच्या टपरीवरील ओळखपत्रे

लोहगडवाडीत, गडाच्या पायऱ्या जेथे सुरू होतात तेथून थोडे अलीकडे, नंदाबाई श्रीपती साबळे यांची पत्र्याची टपरी आहे. त्यांचे माहेर पवनेच्या खोऱ्यातले. लग्न होऊन वाडीत आल्यावर पहिली काही वर्षे त्या पाटीत काकड्या आणि ताकाची कळशी घेऊन पायऱ्यांवर बसत. पुढे पिठले-भाकरी आली, काठ्या आणि रेनकोट आले, आणि अलीकडे भाड्याचे तंबू. निवृत्तीनंतर मी मळवलीस राहावयास आलो, तेव्हापासून त्यांचा हा व्यवसाय वाढत गेलेला पाहिला आहे.

तंबूंना मागणी होती, तिचे कारण तंबू नव्हते, नंदाबाई होत्या. टपरीमागच्या वावरात मुलींचे तंबू लागले, की त्या स्वतः कडेला खाट टाकून झोपत. पुण्यातल्या कित्येक आया मुलीला परवानगी देताना एवढेच विचारीत, “नंदामावशींकडेच उतरणार ना?” होकार मिळाला की विषय संपे. नंदाबाईंची खरी मिळकत म्हणावी तर हीच होती.

काही जण तंबू घेऊन पवनेच्या धरणाकाठी जात. त्यातला एक तंबू परत आलाच नाही. तेव्हापासून त्यांनी ओळखपत्र मागण्यास सुरुवात केली, आणि एकाला मागावे, दुसऱ्याला मागू नये हे बरे दिसत नाही म्हणून सर्वांनाच मागितले. गिऱ्हाईक आधारकार्डाचा फोटो त्यांच्या फोनवर पाठवी. फोन बंद पडला तर काय, या धास्तीने श्रीपतराव मळवलीच्या बाजारी जाताना त्या फोटोंच्या प्रती काढून आणीत आणि प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचा फोन नंबर लिहून ठेवीत.

तंबू परत आला, की कागदाचे काम संपे. पण कागदाची पाठ कोरी असे, आणि कोरा कागद फेकण्याची त्या घरात रीत नव्हती. त्यात भजी बांधली जात.

यात काही गैर आहे, असे नंदाबाईंच्या मनात आले नाही. वाडीत पाहुणा आला, की पाणी देण्याआधी त्याला नाव-गाव विचारतात, आणि जो सांगत नाही त्याच्याकडे संशयाने पाहतात. नाव, गाव, घर ही लपविण्याची गोष्ट असू शकते, ही कल्पनाच तेथे नाही. फोनचेही तसेच. वाडीत रेंज नीट येते ती टपरीच्या डाव्या खांबापाशी. त्या खांबाला खिळ्यावर पिशवी अडकवून नंदाबाई फोन ठेवीत, आणि ज्याला गरज असेल तो उचलून बोले. फोनला कुलूप नव्हते.

गेल्या श्रावणातील एका रविवारी प्रतीक्षा नावाची मुलगी मैत्रिणींसह गडावरून उतरली. पुण्यात नोकरी करणारी ही मुलगी उन्हाळ्यात त्यांच्याकडे तंबूत राहून गेली होती. तिने भजी मागितली. पुडी उलगडताना कागदाची मागची बाजू वर झाली, आणि तेथे एका अनोळखी बाईचा चेहरा दिसला. शेजारी नाव, जन्मतारीख, घरचा पत्ता.

“मावशी, हे काय आहे?”

“का गं? तेल लय झालं व्हय?”

“तेलाचं नाही. हे कुणाचं तरी आधारकार्ड आहे!”

“आसंल कुणाचं तरी. तंबू दिला तिनं परत. आता काय करायचं त्याचं?”

प्रतीक्षाने पुडी बाजूला ठेवली. मग तिने सांगितले, की उन्हाळ्यात येथून गेल्यावर तिला एका माणसाचे फोन येऊ लागले होते. त्याला तिचे पूर्ण नाव ठाऊक होते, घराचा मजला ठाऊक होता. तिने नंबर बदलला. पण घर कसे बदलणार? आईने अंधार पडल्यावर तिला बाहेर जाऊ देणे बंद केले. पत्ता त्याला कोठून मिळाला, हे कोडे दोघींना सुटले नव्हते.

“माझ्या कागदाचं काय केलंत, मावशी?”

नंदाबाईंना आठवेना. कोणत्या पुडीत गेला, कोणाच्या हातात गेला, हे सांगणे अशक्यच होते. त्या एवढेच म्हणाल्या, “पोरी, तुझ्या उशाला मी झोपले हुते गं.”

“तंबूत मला कसली भीती नव्हती,” प्रतीक्षा म्हणाली. “घरी गेल्यावर सुरू झाली.”

तो माणूस कोण, हे पुढेही कळले नाही. पत्ता पुडीतून गेला, की खांबावरच्या फोनमधून, हेही सिद्ध झालेले नाही. दोन्ही वाटा उघड्या होत्या, एवढे निश्चित.

मैत्रिणी पुढे निघाल्यावर नंदाबाईंनी कागदांचा गठ्ठा तिच्या देखत चुलीत घातला. प्रतीक्षाने खांबाकडे बोट दाखवले. “आणि फोनमधले?”

त्याच संध्याकाळी सुनेकडून, सारिकाकडून, नंदाबाईंनी फोनला कुलूप घालून घेतले. ते फार टिकले नाही. त्या सुनेसह बाजारास गेल्या असताना शेजारच्या येसूबाईंना ताप चढला. गाडी बोलवायची, तर खांबावरचा फोन उघडेना. माणसाला खालच्या रस्त्यापर्यंत धावावे लागले. येसूबाई बऱ्या झाल्या. परंतु त्यांचे दीर हौशीराम आबा दुसऱ्या दिवशी टपरीसमोर येऊन उभे राहिले.

“नंदे, रेंजला कुलूप घातलंस म्हनं? आता वाऱ्याला बी घाल. उद्या आमी श्वास घ्यायला तुझ्या सुनेला आकडा इचारू.”

“आबा, त्यात पोरींची कागदं हायती.”

“मग ठिवतीस कशाला? पोरी तुझ्या, का कागदं तुझी?”

आबा टोमणा मारून गेले. तो टोमणा नंदाबाईंनी सल्ला म्हणून घेतला. रात्री त्यांनी घरात सांगितले, “फोन समद्यांचा हाय, तसाच ऱ्हाऊ दे. जे झाकून ठिवायला आपल्याकडं जागा न्हाई, ते घ्यायचंच न्हाई.” सारिकाने एकूण एक फोटो पुसले, पुसलेले जेथे साठून राहतात, तेथूनही काढले. मात्र ओळखपत्राविना तंबू बाहेर देता येईना. म्हणून तंबू लागेल तो फक्त टपरीमागच्या वावरात, असा नियम झाला. धरणाकडे जाणारे गिऱ्हाईक दुसऱ्या टपरीवर गेले, श्रीपतराव बरेच दिवस घुश्शात होते, आणि कित्येक तंबू घडी घालून माळ्यावर पडले.

मार्गशीर्षात प्रतीक्षा आली. बरोबर तिची आई होती. आईने टपरी पाहिली, वावर पाहिले, खाट पाहिली. मग सवयीने पर्स उघडून कार्ड पुढे केले. नंदाबाईंनी ते हातात न घेता फोटोवर एक नजर टाकली.

“बगितलं. ठिवा आत.”

“फोटो नाही काढायचा?”

“न्हाई. आता काढत न्हाई आमी.”

मग पाण्याचा तांब्या पुढे करता करता जुना प्रश्न त्यांच्या ओठांवर आला. “कुटलं वं...” एवढे बोलून त्या थांबल्या आणि घाईने म्हणाल्या, “चा घेनार ना?”

आई किंचित हसल्या. मुलीकडे एकदा पाहून त्यांनी न विचारताच आपले नाव सांगितले. माहेर सांगितले, आणि मग पुण्यातले घर, रस्त्यासकट, सांगू लागल्या.

खांबापाशी हौशीराम आबा फोन कानाला लावून उभे होते. नंदाबाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि स्टूल आईंच्या अगदी जवळ ओढले.

“हळू सांगा, ताई,” त्या म्हणाल्या.