अवतरणात अडकलेली आडनावं

नेऱ्याजवळच्या एका गावात एकाच नावाची, एकाच आडनावाची बरीच माणसं आहेत. म्हणून तिथे लग्नपत्रिकेवरसुद्धा नाव आणि आडनाव यांच्यामध्ये टोपणनाव छापतात, दुहेरी अवतरणात. पनवेलला माझं वेबसाइटचं छोटं ऑफिस होतं तेव्हा गावकीने घराघरांची नावं आणि फोन नंबर साइटवर घालायचं काम मला दिलं. नावं भरायला त्याच गावातली एक मुलगी ठेवली.

थोड्याच दिवसांत, फोन नंबर बदलायला ज्याची नोंद उघडावी त्याचं टोपणनाव आणि आडनाव गायब होऊ लागलं. देवळात भरलेल्या गावकीच्या बैठकीत मी म्हणालो, "पोरीचं लक्ष नसतं." तिचं काम गेलं.

चूक माझी होती. सर्व्हरवरच्या कोडमध्ये मी HTML दुहेरी अवतरणात लिहिलं होतं. त्याच्या आत नावाच्या चौकटीचं value, म्हणजे चौकटीत दिसणारं नाव, तेही दुहेरी अवतरणात. कोड तिथे तुटू नये म्हणून त्या आतल्या चिन्हांआधी उलटी तिरकी रेघ मारून मी खूश झालो. खुद्द नावातच अवतरण येईल हे डोक्यातच आलं नाही. ते दिसलं की ब्राउझर समजे, नाव संपलं. चौकटीत फक्त पहिलं नाव उरे, आणि मुलीने सेव्ह केलं की तेवढंच राही. नावातल्या अवतरणाऐवजी " पाठवलं की झालं. ही दुरुस्ती मी नंतर गुपचूप केली. बोललो मात्र नाही.

यंदा गावकीला साइट नव्याने करायची होती, मला बोलावणं आलं. आधी मी ओवे गावात त्या मुलीच्या सासरी गेलो. ती आता स्वतः वेबसाइट बनवते. सगळं सांगितलं.

"मला काय सांगताय, सर? देवळात सांगा. माझी आई बैठकीत अजून मागे बसते."

देवळात सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, "म्हंजे पोरीनं नाय, तुमीच आमची आडनावं खाल्ली?" हशा पिकला.

मागून तिची आई उठली. "हसता काय? तवा माज्या पोरीला बोललात, तवा कोन हसला नाय. आता काम तिलाच द्या."

कोणीच हरकत घेतली नाही. साइट तिने केली, तपासायला मी बसलो. पहिली नोंद अध्यक्षांनी माझीच घालायला लावली: माझं नाव, मग अवतरणात "आडनावखाऊ", मग आडनाव. तिने सेव्ह केलं, नोंद पुन्हा उघडली. सगळं जागच्या जागी होतं.

"अजून एकदा सेव्ह करून बघू, सर?"

"बघ," मी म्हटलं. तिची आई खुर्ची पुढे ओढून स्क्रीनकडे पाहत होती.