पाचवीच्या दिवशीचं पाणी

मी तेव्हा कशावरच विश्वास ठेवत नव्हतो. सोलापूरच्या एका वर्तमानपत्रात सहा वर्षं उपसंपादक होतो. कोणी काही सांगितलं की आधी ते खोटं धरायचं आणि मग तपासायचं, ही सवय तिथे लागली. निजामाच्या अमलाचं ते शेवटचं वर्ष होतं. पहिलटकरीण बायकोसाठी मी कुरुंद्याजवळच्या आमच्या गावी परत आलो, तेव्हा गावालाही माझा संशय होता. बाहेरून आलेला माणूस कोणाचा हेर असेल, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. आईनं औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला, तेव्हा मी हसलो होतो.

मुलगी झाली. बाळंतीण मागच्या खोलीत होती. वारं लागू नये म्हणून आईनं खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. बाजेखाली शेगडी धगधगत होती आणि ओव्याच्या धुरीनं खोलीत समोरचं दिसत नव्हतं. सोयर असल्यानं पुरुषांनी दहा दिवस त्या खोलीचा उंबरा ओलांडायचा नाही. मी ओसरीवर बसून कोण आत जातं, कोण बाहेर येतं, याची वहीत टिपणं करत होतो. आलेल्या प्रत्येक बाईकडे मी संशयानं पाहत होतो. आईवर मात्र संशय घ्यायचं मला सुचलं नाही.

चौथ्या दिवशी बायको पाणी मागत असल्याचं ऐकू आलं. मी आईला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाळंतिणीला पाणी दिलं की पोट सुटतंय. डिंकाचा लाडू खाऊन राहिली, तेवढं बास. चार अक्षरं छापलीस म्हणून बाळंतपण कळाय लागलं व्हय तुला?" मी पुन्हा वहीत डोकं घातलं. पाचव्या दिवशी सकाळी तिचा आवाज बसला होता. अंग तापलं होतं, दूध उतरलं नव्हतं आणि मुलगी रडून रडून थकली होती. हिंगोलीच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर बैलगाडीनं जवळजवळ दिवस गेला असता. आई म्हणाली, आज पाचवी, सटवाईची पूजा, आज बाळंतिणीला हलवायचं नाही. तेव्हा मी पहिल्यांदा, कोणाला कळू न देता, नागनाथाचं नाव घेतलं. त्यात श्रद्धा नव्हती, नुसती भीती होती.

दुपारी आई, सटवाईनं मुलीचं नशीब लिहावं म्हणून, पाट्या-वरवंट्याजवळ कोरा कागद आणि माझा टाक मांडत होती. तेवढ्यात अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. पाय अनवाणी होते. हातांचे तळवे पिवळेधमक होते. ते हळद शिजवायचे दिवस होते.

"माय, घोटभर पाणी दे," ती म्हणाली.

"आज पाचवी हाय बाई. आज घरातलं काहीच बाहेर देत न्हाईत आमी. पाणी बी न्हाई."

मी पुढे झालो. "कुठल्या तुमी? कोणाकडं आल्या?"

"डोंगरकड्याहून निघाले, भाऊ. औंढ्याला जाऊन राहिले."

"एकट्याच?"

"देवाला जायला सोबत काहून लागती?"

मला ते उत्तर पटलं नाही. लेकरं पळवणाऱ्या बायांच्या अफवा त्या महिन्यात रोज कानावर येत होत्या. ती मात्र आईला म्हणाली, "बाहेर देऊ नको, माय. मी आत येऊन पिते. घरातलं पाणी घरातच राहील." आईनं तिला आत घेतलं. कोमट पाण्याचा तांब्या भरून दिला. त्याच वेळी आतून मुलगी क्षीण रडली. बाई तांब्या घेऊन सरळ बाळंतिणीच्या खोलीत शिरली.

मी कोपऱ्यातली काठी उचलून दाराशी धावलो, पण उंबऱ्याशी थांबलो. तिनं माझ्या बायकोचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ती तिला एकेक घोट पाजत होती.

"अगं, पोट सुटंल तिचं," आई म्हणाली.

"सुटू दे. पट्टा बांधता येतो, माय. ही गेली तर लेकराला कोण पाजील?"

तिनं खिडकीतल्या चिंध्या काढल्या. शेगडी पायाशी सरकवायला लावली. मीठ घालून भाताची पातळ पेज द्या, उकळून कोमट केलेलं पाणी मागेल तेवढं द्या, अंगाला तेल लावून झोपू द्या, असं सांगितलं. "आणि भाऊ, काठी ठेवा आता खाली. हात अवघडला असंल," म्हणाली. तांब्या रिकामा झाला होता. तिनं स्वतः घोटभरही पाणी घेतलं नव्हतं. आई पेज टाकायला चुलीकडे वळली, मी काठी ठेवायला वळलो, तोवर ती अंगण ओलांडून गेली होती.

संध्याकाळी बायकोला लघवी झाली, घाम येऊन ताप उतरला. दुसऱ्या दिवशी मुलगी दूध प्यायली. पाण्यानं फरक पडला, हे मला कळत होतं. पण तरीही मी तपास केला. डोंगरकड्याला दोनदा गेलो, औंढ्याला देवळासमोरच्या दुकानांत विचारलं. अशी बाई कोणी पाहिली नव्हती, किंवा कोणी सांगत नव्हतं. तिच्यात कपट होतं, असं दाखवणारं काहीही मला सापडलं नाही.

सव्वा महिन्यानं आम्ही मुलीला घेऊन नवस फेडायला निघालो. वाटेत एका मळ्यात काहिलीत हळद शिजत होती आणि दहा-बारा बाया शिजलेली हळद पसरत होत्या. मी गाडी थांबवून एकेकीचे हात पाहिले. सगळ्यांचेच हात पिवळे होते. त्यांतली एक बाई गाडीजवळ आली, मुलीकडे पाहून म्हणाली, "ग्वाड हाय लेकरू," आणि तिच्या कपाळावर बोट टेकवलं. पिवळा ठिपका उमटला. ती तीच होती का, हे मला आजही सांगता येणार नाही.

माझ्या हातात वही होती. मी ती मिटली, त्या बाईला हात जोडले आणि तिचं गाव विचारलं नाही.