चुलीवरचा टोप

त्या घरात मी दुसरी बायको म्हणून आले. हे लग्नाआधीच माहीत होतं, कुणी लपवलं नव्हतं. पहिलीला मूल होईना म्हणून कुरबुर सुरू झाली, ती वाढत गेली आणि शेवटी पंचांसमोर काडीमोड झाला. तिनं माहेरून आणलेल्या वस्तू तिला परत द्याव्यात असं पंचांनी सांगितलं होतं. पण त्या कुणी दिल्या नाहीत. वर्षभरानं मी आले आणि त्याच वस्तूंत संसार करू लागले.

आमचं गाव कडावच्या पुढे, ती खालापूरकडची. भाताची झोडणी उरकली होती त्या दिवसांत एका सकाळी अंगणात बैलगाडी थांबली. आधी एक बाई उतरली, मागून तिचा भाऊ. आमच्या पडवीचा वासा खाली आलेला, नवखा माणूस हमखास डोकं आपटून घ्यायचा. ती न बघताच वाकली आणि आत आली. तेवढ्यावरून मी ओळखलं.

हे पडवीत दोर वळत बसले होते. त्यांनी हात थांबवला नाही. भावानं उभ्या उभ्याच सांगितलं की तांब्याचा हंडा, दोन टोप, परात आणि पाटा-वरवंटा घेऊन जायला आलोय. हे म्हणाले, ती आपल्या पायांनी गेली, आता इथं तिचं काही नाही. सासूबाई आतून आल्या आणि त्यांनी एकच धरून ठेवलं की भांडी तिची असतील तर त्यांवर नाव दाखवा. नाव नव्हतं. लग्न घाईत झालं, नावं घालायची राहिली, असं भाऊ सांगत होता. आवाज चढले. कुंपणापाशी शेजारपाजारच्या बाया येऊन उभ्या राहिल्या.

भाऊ चिडून थेट स्वयंपाकघरात घुसला. चुलीवर टोपात आमचा दुपारचा भात रटरटत होता. त्यानं फडक्यासाठी हात पुढे केला, तेवढ्यात ती दारातून म्हणाली, "राहू दे रं. भात हाय त्यात. होऊ दे आधी."

भाऊ बाहेर गेला. ती भिंतीला टेकून खाली बसली. मी चुलीपुढे. मी पाणी दिलं, ते तिनं घेतलं. कपाळावर गोंदण होतं, हात माझ्यासारखेच राबून खरखरीत झालेले. माझ्या मनात तिचं निराळंच चित्र होतं, कजाग, डोळे वटारणारं. सासूबाईंनी रंगवलेलं.

थोड्या वेळानं तीच बोलली. मागच्या भिंतीला पावसात ओल येते, भाताची कणगी त्या अंगाला ठेवू नकोस म्हणाली. मग खालच्या आवाजात, "तो मारत बिरत नाय ना?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मला बी नाय मारलं कदी. फकस्त आईपुढं त्याच्या तोंडातून सबूद निगत नाय."

बाहेर सासूबाई देवाची शपथ घेऊन सांगत होत्या की हंडा त्यांनी स्वतः कर्जतच्या बाजारातून आणला. आणि मला आठवलं, लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनीच तो हंडा माझ्यापुढे ठेवला होता. ही भांडी पहिलीची आहेत, चिंच आणि राख लावून चांगली घास, मगच पाणी भर, असं म्हणाल्या होत्या. टोपांचंही तेच आणि परातीचंही. मी हात दुखेस्तोवर घासलं होतं.

मी उठून पडवीत गेले. इतक्या माणसांपुढे मी कधी बोलले नव्हते. पदर सावरला आणि सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, ही भांडी त्यांची हायेत. तुमीच मला सांगितलं व्हतं, आनि घासून घ्यायला लावली व्हती."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. यांनी दोर खाली ठेवला आणि मान वर न करता भावाला म्हणाले, "घेऊन जा."

मी केळीचं पान तोडून टोपलीत अंथरलं आणि भात त्यात उपसला. टोप गरम होता. तिनं तो स्वतः विहिरीवर नेऊन धुतला. पाटा भावानं खांद्यावर घेतला, वरवंटा तिनं कडेवर. काहीच मागे ठेवलं नाही. ठेवलं असतं तर मला आवडलं असतं की नाही, हे आजही सांगता येत नाही. गाडी निघाली तेव्हा ती वळून घराकडे बघेल असं वाटलं होतं. ती बैलांकडे बघत होती.

त्या दुपारी आम्ही तिघं टोपलीतला भात जेवलो. तोंडी लावायला काही नव्हतं, वाटायला पाटाच नव्हता. सासूबाई पुढे बरेच दिवस माझ्याशी कामापुरत्याच बोलल्या. यांनी बाजारातून जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आणून दिली. त्या सकाळबद्दल ते मला रागानं काही बोलले नाहीत आणि बरं केलंस असंही म्हणाले नाहीत.

ती मला आणखी एकदाच भेटली, कर्जतच्या बाजारात. पावसाळ्याआधी सगळ्या बाया सुकट भरून ठेवायला येतात, तशी तीही आली होती. माझा थोरला माझ्या कडेवर होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरी हायेस ना गं?"

"हाय," मी म्हटलं. "तुमी?"

"हाय की."

मग आम्ही एकाच पाटीपाशी बसून सुकट निवडली आणि आपापल्या वाटेनं निघालो.