सूतवाल्या बाईंचा आहेर

सूतवाल्या बाई बोलताना समोरच्याकडे क्वचितच बघत. नजर धाग्यावर असे. नालवाडीत आमच्या घरापलीकडे त्यांची एक खोली होती. शाळेत त्या आम्हां मुलींना कताई शिकवत. तरुणपणीच वैधव्य आलेलं, मूलबाळ नाही. डाव्या हाताच्या बोटांवर धाग्याने बारीक चर पडले होते.

शिकवलेल्या मुलीचं लग्न ठरलं की बाई तिच्यासाठी कातायला बसत. महिनोन्‌महिने कातून त्या सुताचं लुगडं विणून घेत आणि आहेर म्हणून देत. परतीचा आहेर मात्र घेत नसत. थोरल्या बहिणीच्या लग्नात आईने आग्रहाने खण पुढे केला, तेव्हा म्हणाल्या, "विकतचं कोनीही देते. मी माह्ये दिवस देऊन राह्यली. ते परत कसे करता तुमी?"

आमच्या वस्तीत खादीची घरं जास्त. तिथे असलं पांढरं लुगडं नवरी डोक्याला लावून घेई. माझं सासर पुलगावचं, कापडाच्या दुकानदारांचं. त्यांच्याकडे नवरीचा आहेर जरीकाठी, हिरवा नाहीतर लाल. हे मला ठाऊक होतं. बाईंना सांगावं असं कितीदा मनात आलं. पण त्या कातताना दिसल्या की जीभ रेटत नसे.

लग्न लागल्यावर बाई आल्या आणि लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. इतकं मऊ सूत त्यांनी कुणासाठीच काढलं नव्हतं. शेजारी माझ्या सासूची थोरली बहीण बसली होती. ती ओरडलीच.

"नव्या नवरीले पांढरं? अन् तेही या बाईच्या हातचं? तुमच्याकडं कोनाले काई समजते का नाई?"

वऱ्हाड रुसेल या भीतीने बाबा धावत आले. त्यांनी लुगडं उचललं, घडी सारखी केली आणि बाईंपुढे धरलं. "बाई, सध्या तुमच्यापाशीच राहू द्या."

बाईंनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मुंडावळ्यांआड नजर खाली वळवली.

"चुकलं माह्यं," त्या बाबांना म्हणाल्या. "रंगवून आनाले पाह्यजे होतं."

पंगत बसायच्या आधीच त्या निघून गेल्या.

पहिल्या माहेरपणाला मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी गूळपाणी दिलं, सासरची विचारपूस केली. शेवटी मीच म्हटलं, "बाई, ते लुगडं मले द्या."

"दिलं नं पोरी. वडनेरच्या एका बाईले. तिचा नवरा वारला होता. तिथं पांढऱ्याचं कोनाले वाईट नाई वाटलं."

क्षमा मागायची तशीच राहिली. माझ्यानंतर बाई कुणाच्याच लग्नाला गेल्या नाहीत, असं आईने सांगितलं.

दोन वर्षांनी बाबांचं पोस्टकार्ड आलं. बाई गेल्या होत्या. तेरावाही होऊन गेला होता. सासरी कुणाला सांगणार? नात्यातल्या नव्हत्या त्या. कार्ड वाचलं आणि मी पोळ्या लाटायला बसले.

पुढे माझ्या मुलांची लग्नं झाली, तेव्हा आहेर घ्यायला मी स्वतः उभी राहिले. कुणी पितळेचा तांब्या आणला, कुणी नुसती मूठभर फुलं. शेजारचं कुणी काही बोलायच्या आत मी पुढे होऊन ते दोन्ही हातांनी घेई. बाईंच्या वेळी माझे हात मांडीवरून हलले नव्हते.