पत्रकात लिहिले ते भाषणात हवे

व्याख्यानमालेच्या मागच्या स्मरणिकेत, प्रमिलाताई खराटांशी माझी पहिली भेट खामगावच्या सभागृहात झाली, असे मी लिहिले होते. ते चुकीचे आहे. आत्याने आठवण करून दिली, म्हणून ताईंच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथात आधी दुरुस्ती करते. पहिली भेट वरवट बकालला, आमच्या ओसरीवर झाली. चौथीपर्यंत मला आत्यानेच घरी शिकवले. ताई तिच्या मैत्रीण. त्या दिवशी त्यांनी मला एका व्याख्यानाचे पत्रक मोठ्याने वाचायला लावले.

"आता सांग, तू जाशीन का ऐकाले?"

"नाही."

"काऊन?"

"पाहुण्यायचे बक्षिसंच लिवले हायेत. ते सांगतीन काय, ते नाहीच."

आत्या रागावली. ताईंनी मात्र पत्रक नव्याने लिहिले.

निवृत्त शिक्षिका असलेल्या ताई व्याख्यानमालेची पत्रके वर्षानुवर्षे लिहीत आल्या आहेत. ज्यांनी यावे असे वाटते, त्यांना मजकूर आधी वाचून दाखवतात. व्याख्यानाच्या वेळी तेच पत्रक घेऊन शेवटच्या रांगेत बसतात आणि वक्त्याने ज्याला हात घातला नाही, ते वाक्य खोडतात. एक जरी वाक्य खोडले गेले, तर आभार मानताना श्रोत्यांची क्षमा मागतात. वक्ते संकोचतात, ताई नाही.

गेल्या वर्षी उद्घाटनाचे बीजभाषण कृत्रिम बुद्धिमत्तेवर होते आणि पत्रक त्यांनी माझ्यावर सोपवले. मी छापखान्यात मजकूर जुळवते. तेच काम यंत्र करू लागल्याने माझीच झोप उडाली होती. ती धास्ती पत्रकात उतरली: 'उद्या तुमचे काम यंत्र करील, सावध व्हा.' ताई मला गुरांच्या सरकी-ढेपेचे व्यापारी हमीदभाई यांच्या दुकानात घेऊन गेल्या.

"बेटा, भेव दाखवाले टीव्ही हाये घरी," ते म्हणाले. "तिथं येऊन मले काय भेटीन?"

मग मी यंत्राकडूनच मजकूर लिहून घेतला: 'भविष्याला नवी दिशा देणारे क्रांतिकारी चिंतन.'

हमीदभाई हसले. "हे तं ढेपीच्या पोत्यावरबी छापता येते."

ताई म्हणाल्या, "तुले सोताले काय इचारायचं हाये पाहुण्याले? थेच लिव."

मी लिहिले: 'मजकूर जुळवणाऱ्या मुलीने आता काय शिकावे? ढेपेच्या व्यापाऱ्याने यंत्राच्या कोणत्या उत्तरावर विश्वास ठेवू नये?' पण पाहुण्यांना न विचारता हे छापणे ताईंना मान्य नव्हते. त्यांनी मलाच फोन करायला लावला. पाहुण्यांनी दोन्ही प्रश्न पुन्हा वाचायला लावले. मग म्हणाले, "याची माझी तयारी नाही. करून येतो."

व्याख्यानाच्या संध्याकाळी मागे जादा खुर्च्या मांडाव्या लागल्या. हमीदभाई शेजारच्या दोन दुकानदारांना घेऊन आले. ताईंचे पेन उघडलेच नाही. माझी नोकरी टिकेल का, हे पाहुण्यांनी सांगितले नाही. पत्रकातही ते नव्हते. काय शिकावे ते सांगितले, आणि ते मी शिकते आहे.

यंदाही बीजभाषण त्याच विषयावर आहे. ताई म्हणाल्या, "औंदा मले दाखवू नको. पत्रक वाचून यावं वाटलं, तं येईन." मजकूर तयार होऊन माझ्या पिशवीत पडून आहे. काढते, वाचते, परत ठेवते.

ताईंची प्रकृती ठणठणीत राहो, शंभरीतही शेवटच्या रांगेतली ती खुर्ची त्यांचीच असो. मजकूर हमीदभाईंना वाचून दाखवीन आणि ताईंना न दाखवता छापायला देईन, येत्या गुरुवारी.